बोटीवरचा अपघात आणि अमेरिकेचे संघीय न्यायालय

प्रश्न : माझे यजमान एका परदेशी क्रूझ कंपनीच्या बोटीवर स्वयंपाकघरात कामाला होते. दोन वर्षांपूर्वी बोट मायामी बंदरात असताना ते जिन्यावरून पडले आणि त्यांच्या मणक्याला इजा झाली. कंपनीने काही महिने उपचार करून त्यांना घरी पाठवले. आता ती पत्रांना उत्तरही देत नाही. तिथल्याच एका अपघातात अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने बोट कंपनीला दोषी ठरवून पैसे द्यायला लावले होते, असे गावातले जुने तारवटी सांगतात. आम्हाला तिथे दावा लावता येईल का?
— एक भगिनी, पेडणे

उत्तर : ताई, तारवटी सांगतात ती घटना खरी आहे, मात्र तिच्यातून दोन वेगळे खटले निघाले आणि त्यांचे निकाल एकमेकांपासून फार दूर गेले. २५ मे २००३ रोजी मायामी बंदरात ‘नॉर्वे’ या प्रवासी बोटीचा बॉयलर फुटून आठ कर्मचारी मृत्युमुखी पडले. फौजदारी खटला अमेरिकी सरकारने चालवला. २००८ साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला, तिला दहा लाख डॉलर दंड झाला आणि बळी पडलेल्यांसाठी सव्वा कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरली. गावात पोहोचली ती बातमी ही. असा खटला भरायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतात, जखमी माणूस किंवा त्याचे कुटुंब नव्हे. आणि गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागत असल्यामुळे एका कामगाराच्या पडण्यावरून तो क्वचितच उभा राहतो. त्यामुळे त्या वाटेची आशा आपण धरू नये.

आपला मार्ग दिवाणी आहे, आणि नेमका तोच त्या स्फोटातल्या फिलिपिनी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी अडला. त्यांनी फ्लोरिडाच्या राज्य न्यायालयात दावे लावले. कंपनीने ते संघीय न्यायालयात नेले आणि नोकरीच्या करारातले लवादाचे, म्हणजे न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे वाद नेण्याचे, कलम पुढे केले. वाद फिलिपिन्समध्ये लवादापुढेच सोडवायचा, असे त्या कलमात लिहिलेले होते. अमेरिकेच्या १९२५ च्या लवाद कायद्यात खलाशांच्या नोकरीच्या करारांना स्पष्ट सूट आहे, म्हणून हे कलम आम्हाला लागू नाही, असे कुटुंबांचे म्हणणे होते. फ्लोरिडा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येते त्या अकराव्या सर्किट अपील न्यायालयाने २००५ साली ते नाकारले. परदेशी लवादाविषयीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखाली येणाऱ्या कलमांना ही सूट मिळत नाही, असा त्याचा निर्णय झाला. मला हा निकाल पटलेला नाही. हजारो मैलांवरच्या एजंटाच्या टेबलावर, बोट पकडायच्या घाईत सही करणाऱ्या माणसाने न्यायालयाचा हक्क समजूनउमजून सोडला असे मानणे मला अन्यायाचे वाटते, आणि कायदेमंडळाने खलाशांना वेगळे संरक्षण दिले ते याच कारणासाठी होते. तरीही त्या न्यायालयाच्या हद्दीत आज तोच कायदा आहे. २००९ साली त्याच न्यायालयाने खलाशाच्या वेतनाच्या एका दाव्यात लवादाचे कलम अंशतः नाकारले होते, परंतु २०११ च्या निकालात, असे आक्षेप लवादाचा निवाडा झाल्यानंतरच घ्यावेत, असे ठरवून ती फटही बरीचशी बुजवली.

म्हणून सर्वांत आधी यजमानांच्या करारात लवादाचे कलम आहे काय, जागा कोणती आणि कायदा कोणत्या देशाचा, हे पाहा. कराराची प्रत घरात नसेल तर ज्या एजंटामार्फत भरती झाली त्याच्याकडे लेखी मागा. भारतात अशा एजंटाला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि प्रत नाकारल्यास तिथे तक्रार करता येते. असे कलम नसेल, तर जखमी खलाशाला मालकावर दावा लावू देणाऱ्या अमेरिकेच्या १९२० च्या जोन्स कायद्याखाली दावा होऊ शकतो, पण तो परदेशी खलाशाला आपोआप लागू होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली एका डॅनिश खलाशाला, बोटीचा झेंडा आणि करार डेन्मार्कचा म्हणून, हा कायदा नाकारला. १९७० साली मात्र एका ग्रीक खलाशाला दिला, कारण झेंडा ग्रीसचा असला तरी मालकाचा खरा कारभार अमेरिकेतून चालत होता. तेव्हा बोटीच्या नोंदणीचा देश आणि कंपनीचे मुख्य कार्यालय कुठे आहे, हेही वकिलाला सांगा.

मुदतीबाबत हयगय नको. जोन्स कायद्याखाली इजेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि आपली दोन उलटली आहेत. शिवाय तब्येत जितकी सुधारू शकते तितकी सुधारेपर्यंत औषधपाणी आणि राहण्याजेवणाचा खर्च देणे ही बोटमालकाची सागरी कायद्यातली फार जुनी जबाबदारी आहे. तीत चूक कुणाची हे पाहिले जात नाही. हा खर्च जाणूनबुजून नाकारणाऱ्याला दंडात्मक भरपाईही भरावी लागू शकते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटले आहे. अपघाताची नोंद, बोटीवरच्या डॉक्टरांचे कागद, इथल्या इस्पितळाचे अहवाल आणि बिले एकत्र ठेवा. ‘सर्व हक्क सोडले’ असे लिहिलेल्या पावतीवर, ती कितीही साधी दिसली तरी, वकिलाला दाखवल्याविना यजमानांना सही करू देऊ नका.

प्रश्न : माझ्या भावाला कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने भागीदाराविरुद्ध पैशांचा हुकूमनामा दिला. तो भागीदार आता म्हापशात राहतो. इथे थेट दरखास्त (हुकूमनामा बजावण्याचा अर्ज) करता येईल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : थेट नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ प्रमाणे अधिसूचित देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचेच हुकूमनामे आपल्या जिल्हा न्यायालयात सरळ बजावता येतात. ब्रिटन त्यात आहे, अमेरिका नाही, मग न्यायालय संघीय असो वा राज्याचे. आपल्या भावाला त्या निवाड्याच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागेल. मूळ वाद पुन्हा चालणार नाही, मात्र भागीदाराला कलम १३ मधील आक्षेप घेता येतील : न्यायालयाला अधिकार नव्हता, निवाडा गुणवत्तेवर झाला नाही, बाजू मांडायची संधी मिळाली नाही, फसवणूक झाली, वगैरे. भागीदार तिथे हजर न राहिल्यामुळे एकतर्फी हुकूम झाला असेल, तर न्यायाधीशांनी पुरावा तपासला होता हे निवाड्यातून दिसणे फार महत्त्वाचे ठरेल. या दाव्याची तीन वर्षांची मुदत परदेशी निवाड्याच्या तारखेपासून मोजली जाते, तेव्हा त्याची प्रमाणित प्रत भावाने लगेच मागवावी.