एनव्हीएमईच्या (वेगवान एसएसडी) लिनक्स सर्व्हरवर आयओ शेड्युलर (डिस्ककडे जाणाऱ्या रिक्वेस्टचा क्रम ठरवणारा भाग) कोणता ठेवू? रात्री बॅकअप चालू झाला की डेटाबेस अडकतो

'नन' (म्हणजे शेड्युलरच नको) ठेवा आणि शेड्युलरचा नाद सोडा. एनव्हीएमईवर बहुतेक वेळा तोच आधीपासून असतो. ज्या लेखात अजून नूप आणि सीएफक्यू या जुन्या शेड्युलरांची तुलना चालू आहे तो वाचूच नका, ती मंडळी २०१९ ला लिनक्स कर्नल ५.० मध्येच काढली गेली.

पण बॅकअप आणि डेटाबेस वाचलं आणि राहवेना, कारण यावरूनच माझं एका सीनियरशी चांगलं वाजलंय. २५६ जीबी रॅमचा सर्व्हर, रात्रीचा डंप (बॅकअपची फाइल) डेटाबेसच्याच एसएसडीवर पडायचा आणि मध्येच साधं कमिट (डेटाबेसमधला बदल पक्का करणं) सुद्धा लटकायचं. साहेबांनी आयओस्टॅट (डिस्कची आकडेवारी दाखवणारी कमांड) उघडलं, युटिल १०० टक्के दिसलं, झालं, "डिस्क पुरत नाही, नवीन मागवा". अहो, युटिल म्हणजे तेवढ्या वेळात डिस्ककडे निदान एक तरी रिक्वेस्ट पडून होती एवढंच, एसएसडी एका वेळी ढीगभर रिक्वेस्ट उरकते त्यामुळे १०० दिसलं तरी ती भरली असं होत नाही, आयओस्टॅटच्या मॅन पेजवरच (कमांडचं माहितीपान) लिहिलंय हे, पण मॅन पेज वाचतो कोण.

मी रात्री मेमइन्फोवर (कर्नलचा मेमरीचा हिशेब) वॉच लावून बसलो. डंप सुरू झाला तशी 'डर्टी'ची (रॅममध्ये साठलेला, डिस्कवर लिहायचा राहिलेला डेटा) ओळ चढायला लागली, जीबीवर जीबी, आणि डिस्क निवांत. मग कर्नलने एकदम सगळं लिहायला काढलं, राइट अवेट (एका राइटला लागणारा वेळ) दोन-तीन मिलिसेकंदांवरून थेट शेकड्यात, आणि डेटाबेसचे एफसिंक (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबणारे कॉल) त्या गर्दीमागे ताटकळत. डर्टी बॅकग्राउंड रेशो (इतकं साठलं की कर्नल मागे लिहायला लागतो) १० आणि डर्टी रेशो (इतकं झालं की लिहिणाऱ्यालाच थांबवतो) २० हे डिफॉल्ट टक्क्यांत आहेत, कमी रॅमवर चालून जातं, एवढ्या रॅमवर केवढा ढीग साठतो बघा. मी टक्के सोडून बाइट्समध्ये दिलं, बॅकग्राउंडला २५६ एमबी आणि वरची मर्यादा १ जीबी (बाइट्स दिले की रेशो शून्य दिसतो, घाबरू नका). कमिट लटकणं बंद. नवीन डिस्क तरी आल्याच, ऑर्डर आधीच गेली होती, आणि मीटिंगमध्ये श्रेय त्यांनाच मिळालं.

कोणी सांगेल आयओनाइस (प्रोसेसचा डिस्कवरचा अग्रक्रम ठरवणारी कमांड) लावून बॅकअप मागे ढकला. नन असताना आयओनाइसला कुणी विचारत नाही.

हां, तुमचा डंप डायरेक्ट आयओने (रॅममध्ये न साठवता थेट डिस्कवर) लिहीत असेल तर वरचं सगळं गैरलागू, आधी डर्टीची ओळ बघा. फिरत्या डिस्क असतील तर एमक्यू-डेडलाइन शेड्युलर. व्हीएम (आभासी मशीन) असेल तर खरी गर्दी खालच्या होस्टवर असू शकते, आतून कितीही खटपट केली तरी मग उपयोग नाही. रीड-अहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणं) १२८ केबी आहे तसाच राहू दे. आणि सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्जच्या आभासी फाइली) इको करून बदललेलं रीबूटला उडतं, शेड्युलरसाठी यूडेव रूल (डिव्हाइस दिसताच सेटिंग लावणारा नियम) लिहा, डर्टीवाले आकडे सिसकंट्रोलच्या (sysctl) फाइलमध्ये.