आग आणि बधिरपणा यांची नोंद वेगवेगळी ठेवा

आपला प्रश्न असा आहे की, पायाच्या बोटांच्या टोकांशी सुरू झालेली आग दोन वर्षांत घोट्यांपर्यंत आली, रात्रीची झोप उडाली. तर हे असेच वर चढत राहणार का आणि प्रत्येक वेळी गोळीचा डोस वाढवत राहायचे का? पायांच्या नसांची झीज होण्याच्या या आजारासोबत (पेरिफेरल न्यूरोपथी) मी स्वतः बराच काळ काढला असल्यामुळे जरा सविस्तर लिहीत आहे.

पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सर्वांत लांब असतात आणि त्यांच्या पेशी कण्यालगत असल्याने टोकापर्यंत पोषण पोहोचणे मुळातच अवघड असते. म्हणून मधुमेहासारख्या आजारात आधी टोके झिजतात आणि त्रास हळूहळू वर सरकतो. तो गुडघ्यांच्या आसपास आला की अनेकांना हाताच्या बोटांतही मुंग्या जाणवू लागतात. मात्र हे सर्वांच्या बाबतीत घडतेच असे नाही. बी-१२ ची कमतरता (मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांनी ही तपासणी अवश्य करावी), थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार, मद्य, कर्करोगावरील काही औषधे, इतकेच नव्हे तर बी-६ च्या गोळ्यांचा अतिरेक, यांपैकी कारण सापडून त्यावर उपाय झाला तर वाढ मंदावते, कधी थांबतेही. सगळ्या तपासण्यांनंतरही ज्यांचे कारण सापडत नाही, त्यांचा आजार बहुधा संथ गतीने वाढतो आणि त्यांतील बहुतेक जण चालते-फिरते राहतात.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, वेदना किती होते यावरून नसांची हानी किती झाली हे ठरवता येत नाही. आग, टोचणी आणि विजेसारख्या चमका बहुतांशी नसांमधील बारीक तंतूंमुळे होतात. इजा झालेले हे तंतू कोणतेही कारण नसताना मेंदूकडे संदेश पाठवत राहतात. पुढे ते तंतूच नष्ट झाले की आग कमी होते, आणि माणसाला बरे वाटू लागते ते नेमके पाय बधिर होत असताना. याच्या उलट, फार काळ वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर काहींची आग काही महिने भडकते, म्हणून उपचार चुकला असे समजून ते सोडून देऊ नयेत. यासाठी दोन नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात. एक, रात्रीची वेदना शून्य ते दहा यांपैकी किती. आणि दुसरी, डोळे मिटून घरातील कोणाकडून बोटांपासून वरपर्यंत कापसाचा बोळा टेकवून घेतला असता स्पर्श कोठपासून कळू लागतो. डॉक्टर हेच काम १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (ठरावीक दाब देणारा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने (कंप पावणारा धातूचा चिमटा) अधिक अचूकपणे करतात. नर्व्ह कंडक्शन चाचणी (नसांमधून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) केवळ जाड तंतू तपासते, त्यामुळे तिचा अहवाल नॉर्मल आला तरी आपला त्रास काल्पनिक ठरत नाही. बारीक तंतूंसाठी पायाच्या त्वचेचा ३ मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात.

आता डोसविषयी. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधे वेदनेचे संदेश दाबतात, नसांची झीज थांबवत नाहीत. म्हणून आग वर सरकली एवढ्यावरून डोस वाढवण्यात अर्थ नाही. झोप आणि दिवसाची कामे किती सुधारली, हे पाहून तो डॉक्टरांनीच ठरवावा. वेदना ३० ते ५० टक्क्यांनी कमी झाली तर तो चांगला परिणाम मानला जातो, आणि ही अपेक्षा आधीच मनाशी पक्की केलेली असली की निराशा कमी होते. एकाच गोळीचा डोस वाढवत नेण्यापेक्षा वेगळ्या गटातील दुसरे औषध कमी मात्रेत जोडणे शक्य आहे का, हे अवश्य विचारावे. मूत्रपिंड कमजोर असेल तर गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन यांची मात्रा कमी ठेवावी लागते, आणि यांपैकी कोणतीही गोळी एकदम बंद करू नये.

रात्री चादरीचा नुसता स्पर्शही सहन होत नसेल, तर पायांच्या बाजूला खोका किंवा कमान ठेवून त्यावरून चादर घ्यावी. हा उपाय साधा असला तरी मला त्याचा फार आधार वाटतो. थंडाव्यासाठी बर्फात पाय बुडवणे आणि शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी वापरणे, दोन्ही टाळावे, कारण बधिर त्वचा भाजल्याचे वेळीच कळत नाही. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा, पाण्याची उष्णता कोपराने तपासावी, घरातही अनवाणी फिरू नये आणि तळवे रोज आरशात पाहावेत. जाड तंतू बिघडले की पाय नेमके कुठे आहेत याचे भान डोळ्यांवरच अवलंबून राहते. म्हणूनच तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. तिथे एक हात बेसिनवर असू द्यावा आणि रात्री वाटेत दिवा चालू ठेवावा.

आपली वाढ दोन वर्षांत घोट्यांपर्यंत झाली आहे आणि दोन्ही पायांत सारखी असेल, तर ती संथ म्हणता येईल. मात्र त्रास काही दिवसांत किंवा आठवड्यांत झपाट्याने वाढला, एकाच बाजूला झाला, पाऊल उचलता येईनासे झाले किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. त्यामागे वेगळे आणि वेळीच उपचार करता येण्यासारखे कारण असू शकते.