हाडं 'झिजतात', 'ठिसूळ होतात' की 'विरळ होतात'?

प्रश्न असा आहे: ऑस्टिओपोरोसिस या हाडांच्या आजारासाठी बातम्यांत कधी 'हाडांची झीज' येतं, कधी 'हाडांचा ठिसूळपणा', आणि परिभाषेत 'अस्थिसुषिरता'. यातलं बरोबर कोणतं?

'झीज' आधी बाजूला काढू. झिजायला काहीतरी घासावं लागतं. गुडघ्यात घासली जाते ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा (कार्टिलेज), म्हणून 'सांध्याची झीज' हा ऑस्टिओआर्थ्रायटिसचा शब्द. (तिथेही नुसतं घासणं हे सगळं कारण नसतं, पण शब्द रुळलाय.) हा घोळ निरुपद्रवी नाही. गुडघेदुखीचा माणूस 'हाडांची झीज' ऐकून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतो. त्यांनी कूर्चा भरून येत नाही. उलट ऑस्टिओपोरोसिस बहुधा दुखतच नाही. चालताना साधं पडल्यावर मनगट किंवा खुबा मोडतो, किंवा मणका दबतो, तेव्हा तो कळतो.

'ठिसूळ' चूक नाही, पण ढोबळ आहे. हाडाच्या वजनात साधारण ६० ते ७० टक्के खनिज, २० ते २५ टक्के सेंद्रिय भाग (मुख्यतः कोलॅजेन) आणि उरलेलं पाणी. खनिज कडकपणा देतं, कोलॅजेन चिवटपणा. कोंबडीचं बारीक हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवा, व्हिनेगर अधूनमधून बदला: खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. दुसरं हाड निखाऱ्यात चांगलं जाळा: कोलॅजेन जातं, आकार तोच राहतो, पण बोटांनी चुरा होतो. ठिसूळ म्हणतात ते या दुसऱ्याला. म्हणूनच न्यायवैद्यक अहवालात जळलेलं किंवा वर्षानुवर्षं पुरलेलं हाड 'ठिसूळ' लिहिणं अगदी नेमकं आहे. ओलं हाड तिरकं, वळणदार मोडतं, कडा धारदार आणि गुळगुळीत. कोरडं हाड बरंचसं काटकोनात तुटतं, कड खडबडीत आणि बाहेरच्या पृष्ठभागापेक्षा फिकी. इजा मृत्यूच्या सुमाराची की नंतरच्या हाताळणीतली, याचा अंदाज या खुणांवरून बांधतात. त्यामुळे तिथे विशेषण सैल वापरून चालत नाही.

ऑस्टिओपोरोसिसमध्ये खनिज आणि कोलॅजेनचं प्रमाण फारसं बिघडत नाही. दोन्ही मिळून हाडच कमी होतं. आतली जाळी पातळ होते, तिचे दुवे तुटतात. कापड विरतं तसं. याउलट ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये हाड नेहमीपेक्षा घट्ट असतं आणि तरीही मोडतं. 'ठिसूळ' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर हा फरकच बुजतो.

'सुषिर' म्हणजे पोकळ, छिद्रं असलेलं. बासरी-सनई ही सुषिर वाद्यं. 'पोरोसिस'मधला ग्रीक 'पोरोस'ही छिद्राकडेच जातो. आणि हा शब्द समितीत बसून पाडलेला नाही: वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, मज्जाक्षयाच्या (मज्जा कमी होण्याच्या) लक्षणांत हाडांचं 'सौषिर्य' येतं. मात्र तेवढ्यावरून तो आजचाच रोग ठरवू नये.

तिसरी अवस्था राहिली, 'हाडं मऊ होणं'. लहान मुलांतला मुडदूस आणि मोठ्यांतला ऑस्टिओमलेशिया: कोलॅजेन तयार होतं, पण त्यात खनिज नीट बसत नाही, बहुतेक वेळा ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे. डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) फक्त खनिज मोजते, त्यामुळे इथेही टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना करणारा आकडा, खाली येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. पण हाड विरळ आहे की मऊ, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि ड जीवनसत्त्व पाहतात. ऑस्टिओपोरोसिसमध्ये पहिली तीन बहुधा ठीक असतात.

तेव्हा माझा कौल: पाठ्यपुस्तकात 'अस्थिसुषिरता', रुग्णांसाठीच्या पत्रकात 'हाडं विरळ होणं'. बातमीच्या मथळ्यात 'ठिसूळ' आलं तर मी भांडणार नाही. 'झीज' मात्र संपादकांनी खोडावीच.