दिवाळीतला पाऊस 'परतीचा' की 'अवकाळी'?

प्रश्न असा आहे: ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात अरबी समुद्रातल्या वादळामुळे कोकणात पाऊस पडला, की एक वर्तमानपत्र त्याला 'परतीचा' म्हणतं, दुसरं 'अवकाळी', तिसरं 'बेमोसमी'. यातलं बरोबर काय?

'परतीचा' तर नव्हेच. मोसमी वारे माघार घेत असताना पडतो तो परतीचा. दुपारपर्यंत रणरणतं ऊन, मग आभाळ काळं होऊन गडगडाट आणि तासाभराची झोड, ही त्याची खूण. हस्ताचा पाऊस म्हणतात तो बहुतेक हाच. ही माघार हवामान खातं जाहीर करतं आणि तिचे निकष ठरलेले आहेत: पश्चिम राजस्थानात सलग पाच दिवस पाऊस नको, हवेच्या खालच्या थरात प्रतिचक्रवात (जास्त दाबाभोवती उलट दिशेनं फिरणारे वारे) तयार झालेला हवा, आर्द्रता घटलेली हवी. २०२० साली खात्यानं सरासरी तारखाच बदलल्या. राजस्थानातली माघार १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली, मुंबईतली २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर. म्हणजे ५ ऑक्टोबरला मुंबईत पडलेली सर जुन्या हिशेबानं परतीनंतरची होती, नव्या हिशेबानं परतीच्या आधीची.

आता २०१९ बघा. त्या वर्षी माघार सुरूच झाली ९ ऑक्टोबरला, तोवरची सगळ्यात उशिराची. पण १६ ऑक्टोबरला मान्सून साऱ्या देशातून गेलेला होता. 'क्यार' हे चक्रीवादळ त्यानंतर आठवड्याभरानं उठलं, ऐन लक्ष्मीपूजनाला महाचक्रीवादळ झालं आणि ओमानच्या दिशेनं गेलं. ते विरायच्या आतच पाठोपाठ 'महा' नावाचं दुसरं वादळ. त्या दिवसांत कोकणात कापलेलं भात भिजलं, नाशिककडे द्राक्षबागा गेल्या, आणि बातम्यांत मात्र 'परतीच्या पावसाचा तडाखा'. परतणारा तर कधीच घरी पोचला होता!

'बेमोसमी' शब्दार्थानं चालेल. मोसमी वारे गेले, मग जे पडेल ते बेमोसमीच. 'अवकाळी' मात्र मला खटकतो. मार्च-एप्रिलच्या गारपिटीला तो शोभतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तर आपल्या दोन्ही समुद्रांतल्या वादळांचा ठरलेला काळ आहे. ऐन पावसाळ्यात खाली पश्चिमेचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे असतात, त्या ओढाताणीत वादळाला उभा आकार धरता येत नाही. ऑक्टोबरात ती ओढाताण कमी होते, समुद्र अजून तापलेला असतो, आणि वादळाला वाट मिळते. 'फयान' नोव्हेंबर २००९ मधलं, 'ओखी' नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मधलं. आणि 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' या म्हणीतलं स्वाती नक्षत्र साधारण २४ ऑक्टोबरला लागतं. ज्याची वाट पाहिली जायची तो अकाली कसा? अर्थात ज्याचं भात खाचरात आडवं पडलंय तो अवकाळीच म्हणणार, आणि पंचनाम्यातही तोच शब्द येणार. तिथे वाद घालायला मी जाणार नाही.

लिहिताना मी 'चक्रीवादळाचा पाऊस' म्हणेन, आणि कारण नेमकं ठाऊक नसेल तर 'मान्सूनोत्तर पाऊस'.

जाता जाता, 'कमी दाबाच्या पट्ट्याचं चक्रीवादळात रूपांतर' हेही सोडायला हवं. पट्टा लांबट असतो. वादळ होतं ते गोल फिरणाऱ्या 'कमी दाबाच्या क्षेत्रा'चं. वारा ताशी ३१ किलोमीटरला पोचला की खात्याच्या भाषेत डिप्रेशन, ५० ला डीप डिप्रेशन, ६२ ला चक्रीवादळ, आणि नाव मिळतं ते तेव्हाच. बातमीत या पायऱ्या गाळल्या जातात. बंदरावर त्या गाळून चालत नाही. तिथे सावधानतेचा तीन नंबरचा बावटा चढतो तेव्हा वादळाचं बारसं बहुधा व्हायचंच असतं.