वाचकांचे प्रश्न : लहान ओढ्यातील ट्राउट

प्रश्न : डोंगरउतारावरून येणाऱ्या एका लहानशा ओढ्यात ट्राउट आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. ओढा जेमतेम चार-पाच पावलांचा, पाणी नितळ आणि दोन्ही काठांवर गवत व झुडपे आहेत. मात्र गळ टाकण्यासाठी काठाशी गेलो की एकही मासा दिसत नाही. पिसांच्या कृत्रिम माश्यांचे अनेक प्रकार मी बदलून पाहिले, तरी उपयोग झाला नाही. कोणती माशी वापरावी? आणि ट्राउट गळाला लागलाच, तर त्याला इजा न करता पुन्हा पाण्यात कसे सोडावे?

उत्तर : माशी बदलत बसू नये. आपण काठाशी पोहोचण्यापूर्वीच माशांनी आपल्याला पाहिलेले असते, आणि बिथरलेला ट्राउट पुढ्यातून काहीही वाहत गेले तरी बराच वेळ तोंड उघडत नाही. लहान ओढ्यात आपण कोठे थांबतो आणि तेथवर कसे जातो यावरच बहुतेक सारे ठरते. गळाला काय बांधले आहे, हा त्यानंतरचा विचार आहे.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर राहतो, कारण त्याचे खाद्य, म्हणजे पाण्यातील कीटकांच्या अळ्या आणि काठावरून पडलेले किडे, प्रवाहाबरोबर त्याच्याकडे वाहत येते. साहजिकच वरच्या अंगाने येणारा माणूस थेट त्याच्या नजरेसमोर येतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला समोरचे, बाजूचे आणि वरचेही दिसते. न दिसणारा अरुंद पट्टा उरतो तो शेपटीमागे. म्हणून नेहमी खालच्या अंगाने, प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकत जावे.

पाण्याबाहेरचे जग माशाला कसे दिसते, हे एकदा समजून घेतले की काठावर वाकून चालण्याचा कंटाळा येत नाही. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे बाहेरचे सगळे दृश्य माशाच्या डोक्यावरील सुमारे ९७ अंशांच्या शंकूत सामावते. पाण्याच्या पृष्ठभागावरील या गोल खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पटींहून किंचित अधिक असतो. ३० सेंटिमीटर खोलीवरील माशासाठी तो ६८ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. खिडकी एवढी लहान असली, तरी काठावर ताठ उभा असलेला माणूस तिच्यात येतोच. आपण जितके खाली राहू, तितके आपले चित्र तिच्या कडेला दाबले जाते आणि तेथे ते चपटे व अंधूक होते. पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांच्या आत राहिलेली वस्तू माशाला फारशी जाणवत नाही. पाच मीटर अंतरावर ही उंची ९० सेंटिमीटरच्या जवळपास येते, म्हणजे उकिडवे बसावे लागते. सूर्य पाठीशी असेल तर आपली आणि काठीची सावली पाण्यावर पडू देऊ नये. बोलण्याचा आवाज पृष्ठभागावरून बहुतांशी परत फिरतो, परंतु दाणदाण टाकलेल्या पावलांची कंपने जमिनीतून पाण्यात उतरतात आणि माशाच्या अंगावरील संवेदी रेषेला ती लगेच कळतात.

ट्राउट भर धारेत सहसा थांबत नाही. जेथे पाणी संथ असून शेजारून वेगाची धार खाद्य घेऊन जाते, तेथे तो असतो : दगडाच्या पुढेमागे, काठाखालच्या पोखरलेल्या भागात, आणि डोहाच्या तोंडाशी व शेवटाशी. डोहाच्या शेवटाकडील माशापासून सुरुवात करावी. तो बिथरून वर पळाला तर वरचे सारेच सावध होतात.

दोरी जितकी कमी पाण्यावर पडेल तितके बरे. प्रवाहाच्या वेगवेगळ्या धारा तिला ओढतात, माशी तिरकी घसटत जाते, आणि खरा किडा असा वाहत नाही हे ट्राउटला ठाऊक असते. त्यासाठी काठीचे टोक उंच धरून थोडीच दोरी सोडावी. झुडपांमुळे काठी मागे नेता येत नसेल, तर गळ त्याच्या वळणाशी चिमटीत धरून काठी धनुष्यासारखी वाकवावी आणि सोडून द्यावी. माशी नेमकी पुढे जाते. एवढे सांभाळल्यावर १४ किंवा १६ क्रमांकाच्या गळावरील साधी, गडद रंगाची माशी पुरेशी ठरते.

आता दुसरा प्रश्न. गळाचा उलटा दात पकडीने आधीच दाबून टाकावा. हात ओले करूनच मासा धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढूच नये. गळ पाण्यातच सोडवावा आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून, तो स्वतःहून निसटेपर्यंत हलकेच आधार देऊन ठेवावा. त्याच्या लहान आकारावरून तो पिल्लू आहे असे समजू नये. थंड आणि कमी खाद्याच्या ओढ्यात पूर्ण वाढलेला ट्राउटही २०-२५ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, आणि अंडी घालणारी मादी एवढीच असू शकते.

पाण्याचे तापमान मोजण्याची सवय मात्र अवश्य लावून घ्यावी. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना तो ९ मिलिग्रॅमवर येतो, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. अशा कोमट पाण्यात झुंजून थकलेला ट्राउट सोडल्यावर पोहत गेला, तरी पुढे मरू शकतो. तापमान २० अंशांजवळ पोहोचले की त्या दिवशी गळ टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच तपकिरी ट्राउट शरद ऋतूत व हिवाळ्याच्या सुरुवातीस आणि इंद्रधनुषी ट्राउट बहुधा वसंतात, मादीने शेपटीने उकरलेल्या खडीत अंडी घालतो. ओढ्याच्या तळाशी खडीचा स्वच्छ, फिकट रंगाचा पट्टा दिसला तर त्यावर पाय न ठेवता काठावरून वळसा घालून पुढे जावे.