कण सूर्याकडून येतात, मग ध्रुवीय प्रकाश मध्यरात्री का?

प्रश्न : सौर वाऱ्यातील कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात शिरून ध्रुवांकडे ओढले जातात व त्यातून ध्रुवीय प्रकाश निर्माण होतो, असे वाचनात आले. कण सूर्याकडूनच येत असतील, तर हा प्रकाश मध्यरात्रीच्या सुमारास अधिक का दिसतो? तो आमच्या इंदुरातून कधी दिसू शकेल का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांचा हा प्रवाह सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने येतो खरा, परंतु त्याचा बहुतेक भाग चुंबकीय क्षेत्राला वळसा घालून पुढे निघून जातो. थेट खाली उतरणाऱ्या थोड्या कणांमुळे दिवसाच्या बाजूलाही अंधूक प्रकाश उमटतो. मात्र तो पाहायला उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांसारखे, हिवाळ्यात दुपारीही अंधार असणारे ठिकाण लागते.

मुख्य घडामोड पृथ्वीच्या पाठीमागे, म्हणजे सूर्याच्या विरुद्ध असलेल्या मध्यरात्रीच्या बाजूला होते. सौर वाऱ्यासोबत येणारे चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असले, की त्याच्या रेषा पृथ्वीच्या क्षेत्ररेषांशी जोडल्या जातात, वाहता वारा त्यांना मागे ओढत नेतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या, चंद्राच्या कक्षेपलीकडे पसरलेल्या शेपटीत ऊर्जा साठत जाते. ताण फार वाढला, की तेथील रेषा तुटून नव्याने जुळतात व बेचकीच्या रबराप्रमाणे पृथ्वीकडे झेपावतात. या ऊर्जेने वेग घेतलेले इलेक्ट्रॉन नेमके ध्रुवावर नव्हे, तर चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या कंकणाकृती पट्ट्यात वातावरणावर आदळतात.

सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू त्यामुळे हिरवा प्रकाश देतात. लाल प्रकाश देण्यास त्याच अणूला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. दाट हवेत तेवढ्या अवधीत टक्कर होऊन त्याची ऊर्जा निघून जाते, म्हणून लाल रंग २०० किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच टिकतो. खालच्या कडेची जांभळट-गुलाबी छटा नायट्रोजनची असते.

दुरून पाहणाऱ्याला क्षितिजावर केवळ हा उंच, लाल भागच दिसतो. मे २०२४ मधील तीव्र सौर वादळात लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनी असाच लाल प्रकाश टिपला. ४ फेब्रुवारी १८७२ च्या महावादळात तर तो मुंबईतूनही दिसल्याची नोंद आहे, आणि मुंबई इंदूरच्या दक्षिणेस आहे! तेव्हा इंदुरातून तो दिसणे अशक्य नाही. पण त्यासाठी तसे विरळा वादळ हवे आणि शहराच्या दिव्यांपासून दूर, उत्तरेचे क्षितिज मोकळे असलेली जागाही हवी. तेथेही नुसत्या डोळ्यांपेक्षा दीर्घ एक्स्पोजर दिलेल्या कॅमेऱ्यात तो सापडण्याची शक्यता अधिक.