स्कॉटलंडमध्ये समुद्री पक्ष्यांच्या फोटोंसाठी 600 मिमी लेन्स भाड्याने घ्यावी का?

नका घेऊ.

तुम्ही लिहिलंय की जूनच्या शेवटी ठाण्याहून स्कॉटलंडला निघताय, पफिन आणि बाकीचे समुद्री पक्षी टिपायचे आहेत, तर 600 मिमी भाड्याने घेऊ का आणि पक्षी 'अगदी जवळून, फुल फ्रेम', म्हणजे चौकट भरून, कुठे मिळतील. मी बरीच वर्षं अ‍ॅबर्डीनला राहते आणि उन्हाळ्यातले माझे बहुतेक शनिवार-रविवार इथल्या कड्यांवर जातात. या 'फुल फ्रेम'वरून माझा एका जाणत्या माणसाशी जुना वाद आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी लेन्सचं. आपल्याकडे भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला पक्षी लांब पाण्यात असतात, तिथे मोठ्या लेन्सशिवाय भागत नाही हे खरं. इथे एप्रिल ते जुलै पक्षी विणीसाठी कड्यांवर आलेले असतात आणि माणूस त्याच कड्याच्या माथ्यावरून चालत असतो. वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि त्यावर गॅनेट, म्हणजे मोठा पांढरा समुद्री पक्षी, तरंगत तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. त्याच्या पंखांचा पसारा जवळपास 1.8 मीटर. 600 मिमीत त्याचा एक पंख आणि अर्धं डोकं मावेल. अ‍ॅन्स्ट्रदरहून बोटीने आइल ऑफ मे बेटावर गेलात, किंवा शेटलंडमध्ये सम्बरा हेडच्या दीपगृहापाशी, तर पफिन काही मीटरवर बसलेले दिसतात. तिथे 300 मिमी भरपूर झाली. बॅस रॉक या गॅनेटांच्या खडकाळ बेटाकडे जाणाऱ्या बोटीभोवती गॅनेट सूर मारायला लागले की 24-105 मिमी हातात असलेल्याचं काम सोपं होतं. मी स्वतः 70-200 एफ 2.8 आणि एक 1.4 चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच 1.4 पट वाढवणारा जोड) नेते. बस.

आता वाद. भारतातल्या एका प्रदर्शनाला मी ट्रूप हेडचा फोटो पाठवला होता. ट्रूप हेड म्हणजे अ‍ॅबर्डीनशायरच्या उत्तर किनाऱ्यावरचा कडा. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर गॅनेटची वसाहत आहे ती तिथेच. फोटोत संध्याकाळच्या तिरप्या उन्हातला सगळा कडा, खाली फेसाळ समुद्र आणि प्रत्येक कंगोऱ्यावर गॅनेट. परीक्षक मोठे होते, पक्ष्यांच्या फोटोग्राफीत त्यांचा शब्द मानतात, मीही मानायचे. त्यांनी फोटो पक्ष्यांच्या विभागातून काढला. म्हणाले, "ताई, निसर्गदृश्य छान आहे, पण पक्षी शोधावे लागतात. डोळ्यातली चमक दिसली पाहिजे." मला ते फार लागलं. हजारो गॅनेट समोर असताना पक्षी शोधावा लागतो म्हणजे काय?

पुढे तेच सर एका ग्रुपबरोबर स्कॉटलंडला आले आणि त्यांनी मला एक संध्याकाळ मागितली. मी त्यांना फाउल्सह्यूला नेलं. अ‍ॅबर्डीनहून गाडीने दक्षिणेला, स्टोनहेवनच्या पुढे क्रॉटन नावाचं मच्छीमारांचं ओस पडलेलं गाव लागतं, तिथून कड्याच्या माथ्यावरून पायवाट जाते. खडक म्हणजे चुन्यात गोटे थापून भिंत उभी करावी तसा. त्यातले गोटे निखळून पडतात, मागे खोबणी आणि अरुंद कट्टे राहतात, आणि त्या प्रत्येक जागेवर कुणीतरी बसलेलं असतं. किटिवेक शेवाळ-चिखलाची घरटी चिकटवतात, रेझरबिल कपारीत शिरतात, आणि गिलमॉट काहीही न बांधता उघड्या खडकावर एकच अंडं घालतात. पायवाटेवरून खाडीसारख्या चिरेच्या पलीकडची आख्खी भिंत समोर दिसते. आवाज आणि विष्ठेचा वास आधी पोचतो, कडा नंतर दिसतो.

सरांनी तिपाई लावली, गिंबलवर (जड लेन्स सहज फिरवता येणाऱ्या तिपाईच्या माथ्यावर) 600 चढवली आणि समोरच्या भिंतीवरचा एकच गिलमॉट धरला. चष्मा घातल्यासारखी डोळ्याभोवती पांढरी रेघ असलेला. असे चष्मेवाले उत्तरेकडे जास्त सापडतात, पक्षी देखणा होता, माझी तक्रार नाही. थोड्या वेळाने ते पायवाट सोडून उतारावर सरकायला लागले, पाठीमागचा दगड फ्रेमबाहेर जावा म्हणून. मी त्यांना हाताला धरून मागे घेतलं. तिथलं गवत कड्याच्या बाहेर लोंबतं, खाली माती नसते. ते रागावले. मी तुम्हालाही तेच सांगते: 'अगदी जवळून' हा हट्ट या किनाऱ्यावर जिवावर बेततो, आणि पक्ष्याच्या तर आधी बेततो. पफिन चोचीत मासे घेऊन उतरतो आणि त्याच्या बिळापाशी कॅमेरेवाला आडवा पडलेला असला तर तो आत जात नाही. बाहेर ताटकळतो, तेवढ्यात कुरव (सीगल) येऊन मासे हिसकावतात, आत पिल्लू उपाशी. त्या गवताळ उतारांवर चाललात तर बीळच पायाखाली खचतं. आखलेल्या वाटेवरून जो फोटो मिळत नाही तो घ्यायचाच नाही. याबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

फाउल्सह्यूचा कडा पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे ऊन सकाळी. संध्याकाळी सगळी भिंत सावलीत. तरी मी सरांना मुद्दाम संध्याकाळी नेलं होतं, कारण जूनच्या शेवटापासून गिलमॉटची पिल्लं अंधारून येताना उड्या टाकतात. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं, मोठ्या पक्ष्याच्या पाव वजनाचं, उडता येत नाही. बाप खाली पाण्यात जाऊन घुमल्यासारखा आवाज देतो, वरून पिल्लू शीळ घालतं, कट्ट्याच्या कडेला येतं, मागे जातं, पुन्हा येतं. आणि मग झेप घेतं. आखूड पंख पसरून पडतं, कधी खडकाला आपटून उसळतं, पाण्यात जातं. बाप आवाजावरून त्याला ओळखून गाठतो आणि दोघं पोहत खुल्या समुद्राकडे निघतात. पुढचे कितीतरी आठवडे त्याला सांभाळणारा बापच.

त्या रात्री दहाच्या सुमारास पहिलं पिल्लू कडेला आलेलं मी पाहिलं, कारण माझ्या फ्रेममध्ये सगळी भिंत होती. आयएसओ 6400, शटर 1/500. काळपट कडा, भिंतीकडे तोंड करून दाटीने उभ्या गिलमॉटांच्या रांगा, पांढरे ओघळ, मधोमध हवेत ते पिल्लू आणि तळाशी पाण्यात चोच वासलेला बाप. सरांनी माझ्या शटरचा आवाज ऐकून लेन्स वळवली. पण 600 मिमीतून त्या भिंतीवर काहीतरी शोधायचं म्हणजे खडकामागून खडक. सापडेपर्यंत बापलेक लांब गेले होते. दुसऱ्या पिल्लाच्या वेळीही तेच. त्यांच्या लेन्सचं छिद्र लहान, त्या उजेडात आयएसओ आणखी वर न्यावा लागत होता, तो त्यांना नको होता.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. सर म्हणाले, "पिल्लू केवढंसं आलंय! क्रॉप केलंत तर काही उरत नाही. रेकॉर्ड शॉट झाला हा." म्हणजे फक्त नोंदीपुरता फोटो. मी म्हटलं, "सर, क्रॉप करायचंच नाहीये. साठ मीटरचा कडा आणि मुठीएवढं पोर, यातलं काय कापू?" त्यांना पटलं नाही. आजही पटलेलं नाही. अधूनमधून फोन होतो तेव्हा मी विषय काढते आणि ते टाळतात. त्यांचा चष्मेवाला गिलमॉट उत्तम आला, मागे स्वच्छ करडा रंग, डोळ्यात चमक. पण तो अ‍ॅबर्डीनशायरचा आहे की नॉर्वेचा, कड्यावरचा आहे की कुठल्या पिंजऱ्यातला, हे त्या फोटोवरून कुणाला सांगता येणार नाही.

आणि रेकॉर्ड म्हणाल तर हो, मला रेकॉर्डच ठेवायचा आहे. मी फाउल्सह्यूच्या त्याच चिरेचा फोटो दर उन्हाळ्यात त्याच जागेवरून घेते. किटिवेकने भरलेले कट्टे विरळ होताना त्या फोटोंमध्ये दिसतात. किटिवेक काय, पफिन काय, सँडईल या बोटभर माशांवर पिल्लं वाढवतात. समुद्र तापतोय तसा तो मासा कमी मिळतो, वर त्याची मासेमारीही चालायची. 2024 मध्ये स्कॉटलंडच्या सगळ्या समुद्रात आणि उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडच्या भागात ती बंद केली, ते चांगलं झालं. 2022 च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लूने गॅनेट मेले. बॅस रॉकवर 2014 साली घरट्यांच्या 75 हजारांहून अधिक जागा मोजल्या होत्या, 2023 मध्ये सुमारे 52 हजार. बॅस रॉकचा त्याच कोनातून घेतलेला आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला की खडकाचा रंगच बदललेला दिसतो, पांढऱ्यात काळे पट्टे. त्या दोन्ही वर्षांतल्या चोचीचे क्लोजअप शेजारी ठेवा, फरक शून्य. पक्ष्यांची काळजी आहे म्हणणाऱ्यांनी पक्ष्यांची जागा फ्रेमबाहेर काढू नये असं माझं मत आहे, आणि ते मी सरांनाही याच शब्दांत सांगितलं आहे.

जवळच्या फोटोचा एक उपयोग मात्र मान्य करते. गॅनेटचं बुबुळ फिकट निळं असतं. फ्लूतून वाचलेल्या काहींचं काळं झालेलं आढळलं आणि त्यावर इथे संशोधनही झालं. ते दिसायला डोळा जवळून हवाच. पण त्यासाठीही ट्रूप हेडवर 300-400 पुरे.

ट्रूप हेडला कधी जायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण लेन्सपेक्षा ते महत्त्वाचं आहे. तो कडा उत्तरेला तोंड करून आहे. भर दुपारी गेलात तर पक्षी सावलीत आणि मागे चकाकता समुद्र, काही हाती लागत नाही. जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणून पहाटे साडेचारपासून थोडा वेळ आणि रात्री आठनंतर त्या भिंतीवर बाजूने ऊन पडतं. तेवढंच गाठायचं. एक्स्पोजर एक स्टॉप खाली ठेवा; काळा कडा पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि गॅनेटचं पांढरं पार उडून जातं. परतताना जवळच्या क्रोव्ही गावात उतरा. समुद्राकडे कुशी करून उभी असलेली घरांची एकच ओळ, समोरून फक्त पायवाट, गाड्यांना जागाच नाही. पक्षी आणि माणसं याच किनाऱ्यावर कशी तगून राहिली ते तिथे कळतं.

उडत्या पफिनला 1/2500 च्या खाली जाऊ नका, तो फार वेगात पंख मारतो. खारे तुषार लेन्सवर बसले की कोरडं फडकं फिरवू नका, आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं. जॅकेट वारा अडवणारं हवं, हातमोजे हवेत, जून असला तरी. पूर्वेचा वारा असला तर समुद्रावरून धुकं आत येतं आणि दिवसभर हलत नाही; अशा दिवशी किनारा सोडून दुसरीकडे जा. आइल ऑफ मेवर धक्क्यापाशीच आर्क्टिक सुरय (टर्न) डोक्यावर टोची मारतात, टोपी घाला.

हो, एक राहिलं. तुम्ही फॉर्व्हीच्या, म्हणजे अ‍ॅबर्डीनच्या उत्तरेच्या वाळूच्या टेकड्यांच्या अभयारण्यातल्या, सुरयांसाठी येणार असाल तर मोठ्या लेन्सला खरंच अर्थ आहे. तिथला घरट्यांचा भाग एप्रिल ते ऑगस्ट बंद असतो, आयथन नदीच्या मुखाच्या अलीकडून, न्यूबर्गच्या बाजूनेच बघायचं. छोट्या सुरयला तर 1981 च्या कायद्याचं खास संरक्षण आहे, परवान्याशिवाय घरट्यापाशी त्याला जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने त्रास देणं म्हणजे गुन्हा. पण तुम्ही पफिन म्हणालात, म्हणून वर स्पष्ट 'नका' लिहिलं. 100-400 असेल तर तीच आणा. भाड्याचे पैसे आइल ऑफ मेच्या बोटीला लावा आणि तिकीट आत्ताच काढा, जूनच्या जागा लवकर भरतात आणि वारा वाढला की फेरी रद्द होते, म्हणून हाताशी एक मोकळा दिवस ठेवा.